कचऱ्याच्या डोंगरावर जंगल उगवतं. पण त्या जमिनीवर हक्क कोणाचा?

१९२७ हे साल आंबेडकरी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली. याच सालाची आणखी एक नोंद मात्र आपल्या भाषणांत कधी येत नाही. मुंबईचं देवनार डम्पिंग ग्राउंड सुरू झालं, तेही १९२७ मध्ये.

या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण त्या शेजारी ठेवून वाचल्या की या देशातल्या 'प्रदूषण' शब्दाचा अर्थ उघडा पडतो. माणसाचा हात लागला म्हणून महाडचं तळं 'बाटलं'. मग शेण-गोमूत्राचे १०८ घडे ओतून सवर्णांनी ते 'शुद्ध' करून घेतलं. त्याच काळात देशातलं सर्वांत श्रीमंत शहर आपली खरी घाण शहराच्या टोकाला नेऊन टाकत होतं. ती घाण उचलायला कोण होतं, तिच्या शेजारी राहायला पुढे कोण आलं, हे सांगायला इतिहासाचार्य लागत नाहीत.

आज हा विषय काढण्याला कारण आहे. बंद झालेल्या कचरा डेपोवर पुन्हा गवत, झाडं, कीटक, पक्षी कसे आणायचे, याचं एक पूर्ण शास्त्र जगात उभं राहिलं आहे. आपल्या राज्यात त्याचं उदाहरण आहे. आपल्या नागपुरात त्याच्या जवळचं संशोधन झालेलं आहे. आणि आपल्याच नागपुरात भांडेवाडीत वर्षानुवर्षांचा साचलेला कचरा यंत्रांनी उपसण्याचं, म्हणजे बायोमायनिंगचं काम हाती घेतलं गेलं आहे. तो डोंगर उतरला की खाली जमीन उरणार. त्या जमिनीचं काय होणार, हा प्रश्न आज आपण विचारला नाही, तर उद्या उत्तर दुसरेच देऊन मोकळे होतील.

वेस, नदी आणि वाऱ्याची दिशा

गावगाड्यात वस्ती कुठे असावी याचे नियम होते. महारवाडा, मांगवाडा वेशीबाहेर. मेलेलं ढोर ओढून नेणं, वेस झाडणं ही कामं वतनात बांधलेली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणलं ते या बांधिलकीच्या विरोधात. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी हाच प्रश्न मुळापासून घेतला की ही माणसं गावाबाहेर का राहतात. म्हणजे अस्पृश्यतेचा अभ्यास हा सुरुवातीपासून जागेचाही अभ्यास आहे. कोणाचं घर कुठे, आणि कोणाच्या घराशेजारी काय टाकायचं, हा जातीचा प्रश्न आहे.

आपला समाज गाव सोडून शहरात आला. नागपुरात १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली आणि आपल्या किती घरांची चूल त्या गिरणीवर पेटली, हे इंदोरा-पाचपावलीत कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. शहरात वेस नव्हती, पण शहराने नवी वेस तयार केली. मुंबईत १८९६ ला प्लेग आला. त्यानंतर शहराचा कचरा रेल्वेने चेंबूरकडच्या दलदलीत नेऊन टाकण्याची व्यवस्था झाली. पुढे देवनार आलं. १९७० च्या दशकात शहरातल्या झोपड्या उठवून माणसंसुद्धा त्याच दिशेला नेऊन बसवली गेली. शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्या अशा वसल्या. आधी कचरा, मग माणसं, दोन्ही एकाच पत्त्यावर. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्व प्रभागांत तळाला जो 'एम-पूर्व' प्रभाग आला, तो हाच. त्याचा मानव विकास निर्देशांक होता ०.०५.

नागपूरचा नकाशाही पाहा. नाग नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. इंग्रजांनी सिव्हिल लाइन्स वसवली ती सीताबर्डीच्या पश्चिमेला, वरच्या अंगाला. शहराचा कचरा आणि सांडपाणी गेलं पूर्वेला, भांडेवाडीकडे. तिथून नदी पुढे कन्हानला आणि मग वैनगंगेला मिळते. ज्यांच्या घरातून घाण निघते ते प्रवाहाच्या वर, आणि ती ज्यांच्या दारावरून जाते ते प्रवाहाच्या खाली. ही रचना कोणी एका दिवसात कट करून केली असं मी म्हणत नाही. कट करावा लागत नाही, हेच जातीचं बळ आहे. स्वस्त जमीन, ज्यांचा आवाज नगरपालिकेत पोहोचत नाही अशी वस्ती आणि 'यांना सवय आहे' ही समजूत, एवढं पुरतं.

धारावीच्या दारातलं जंगल

आता दुसरी बाजू पाहू. मुंबईत मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. आज तिथे दाट झाडी आहे, फुलपाखरं आहेत, पक्षीनिरीक्षक सकाळी दुर्बिणी घेऊन येतात. ही जागा म्हणजे शहराचा जुना कचरा डेपो. १९७० च्या दशकात तिथे निसर्ग शिक्षणाचं केंद्र करण्याची कल्पना पुढे आली. १९८३ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या हातून पहिलं झाड लावलं गेलं. २२ एप्रिल १९९४ ला, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी उघडलं.

पहिल्या झाडापासून उद्घाटनापर्यंत ११ वर्षं गेली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कचऱ्यावर माती टाकून रोपं लावली आणि पुढच्या पावसाळ्यात जंगल झालं, असं होत नसतं. पण होतं. ज्या जागेकडे नाकाला रुमाल लावून पाहिलं जायचं, ती जागा एका पिढीच्या आत जंगल होऊ शकते, याचा हा महाराष्ट्रातला पुरावा आहे.

गोराईचं उदाहरण वेगळ्या प्रकारचं. १९७२ पासून वापरात असलेला सुमारे २० हेक्टरांचा तो डेपो २००७ मध्ये बंद झाला. कचऱ्याचा ढीग जागेवरच ठेवून त्याला उतार दिला, वरून न झिरपणारं आच्छादन घातलं, त्यावर माती आणि गवत लावलं, आतला वायू नळ्यांनी बाहेर काढला. शेजारी खाडी आणि खारफुटी आहे. विषारी पाणी तिकडे झिरपणं थांबवणं हा या कामाचा मोठा भाग होता.

म्हणजे आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. ढीग झाकून टाकायचा, किंवा ढीग उपसून जमीन मोकळी करायची. दोन्हींचं पर्यावरणशास्त्र वेगळं आहे, आणि दोन्हींचं राजकारणही.

झाकलेल्या ढिगावर झाड का जगत नाही

यातलं शास्त्र कार्यकर्त्यांनी समजून घ्यायला हवं, कारण उद्या बैठकीत अधिकारी तांत्रिक शब्द फेकून आपल्याला गप्प करतील.

कचरा कुजतो तेव्हा आत ऑक्सिजन नसतो. त्या कुजण्यातून जो वायू तयार होतो, त्यात साधारण निम्मा मिथेन आणि बाकीचा बहुतेक कार्बन डाय-ऑक्साइड असतो. हा वायू वर येताना मातीतल्या हवेला ढकलून देतो. मुळांना श्वास घ्यायला हवा मिळत नाही आणि रोप गुदमरून मरतं. दुसरी अडचण म्हणजे ढीग वर्षानुवर्षं खचत राहतो. वरची माती फाटते, पाणी साचतं किंवा आत शिरतं. तिसरी अडचण मातीची. वर टाकलेली माती बहुधा कुठून तरी खणून आणलेली असते. तिच्यात सेंद्रिय अंश नसतो, नत्र नसतं, जिवाणू आणि बुरशी नसतात, आणि रोलर फिरवून ती विटेसारखी घट्ट झालेली असते.

आपल्या देशाच्या २००० सालच्या घनकचरा नियमांत म्हणूनच एक अट आली. ढीग स्थिर होईपर्यंत त्यावर अशीच झाडं लावायची, ज्यांची मुळं ३० सेंटिमीटरपेक्षा खोल जाणार नाहीत. स्थानिक, बारमाही, दुष्काळात तग धरणारी आणि खाण्याची नसलेली. मुळं आच्छादन फोडतील ही भीती त्यामागे होती. ब्रिटनमध्येही अशीच भीती होती. तिथे १९९३ मध्ये वनविभागाचे संशोधक डॉब्सन आणि मोफॅट यांनी हा प्रश्न तपासला. त्यांचा निष्कर्ष असा की नीट दाबलेल्या चिकणमातीच्या थरात मुळं सहसा घुसत नाहीत. वर एक-दीड मीटर चांगली माती असेल तर कचरा डेपोवर वनराई उभी राहू शकते. खर्च मातीचा आहे. माती कमी टाकायची आणि झाड जगलं नाही की निसर्गाला दोष द्यायचा, ही कंत्राटदाराची पद्धत झाली.

त्याच १९९३ मध्ये अमेरिकेत रॉबिन्सन आणि हँडल या दोघांचा एक शोधनिबंध आला. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर एका बंद डेपोवर झाडं-झुडपं लावून त्यांनी पाहिलं की पुढे काय होतं. लावलेल्या झाडांवर पक्षी येऊन बसू लागले. पक्ष्यांच्या विष्ठेतून आसपासच्या रानातल्या, कोणीही न लावलेल्या जातींच्या बिया तिथे पडल्या आणि रुजल्या. माणसाने सुरुवात करून दिली, पुढची पेरणी पाखरांनी केली. यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्या वस्तीतल्या भिंतीच्या फटीत पिंपळ कोण लावतो? पण या संशोधनाने एक अटही दाखवली. बियांचा साठा असलेलं रान जवळ असेल तरच हे घडतं. चारही बाजूंनी सिमेंट असेल तर पाखरू बी आणणार कुठून?

त्याच बेटावर फ्रेश किल्स नावाचा डेपो १९४८ ते २००१ चालला. तो सुमारे २,२०० एकरांचा, जगातल्या सर्वांत मोठ्या डेपोंपैकी एक. आज त्याच्या झाकलेल्या ढिगांवर गवताळ रान आहे, आणि शहरातून दिसेनासे झालेले गवतात घरटी करणारे लहान पक्षी तिथे वीण करू लागले आहेत. त्यातून आपल्या विदर्भाला घेण्यासारखा धडा असा की सगळीकडे झाडच लावलं पाहिजे असं नाही. पवन्या, मारवेल, कुसळीचं रान हाही अधिवास आहे. टिटवी आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात, त्यांना झाडी नको, मोकळं माळरान हवं. आपल्याकडे मात्र वृक्षारोपण म्हटलं की मंत्री, फावडं, फोटो आणि दुसऱ्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरं रोप.

हे ज्ञान नागपुरात आहे

कोणी म्हणेल, ही विलायतेची गोष्ट झाली. नाही. आपल्या वर्धा रोडवर नीरी ही राष्ट्रीय संस्था आहे, १९५८ पासून. या संस्थेने नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या मातीच्या ढिगांवर झाडी उभी करण्याचं काम केलं. चंद्रपूरकडच्या पद्मापूरच्या कोळसा खाणीच्या ढिगांवर केलं. खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या ढिगावर १० हेक्टरांत प्रयोग केला. पद्धत साधारण अशी की ढिगात शेणखत किंवा साखर कारखान्यातली मळी मिसळायची, नत्र धरून ठेवणारे जिवाणू आणि मुळांना अन्न पोहोचवणारी बुरशी द्यायची आणि मग स्थानिक हवामानात टिकणारी झाडं लावायची. खापरखेड्याच्या प्रयोगावर जुवारकर आणि जांभुळकर यांचे शोधनिबंध आहेत. कोणतं झाड राखेतले जड धातू किती शोषून घेतं हे त्यात मोजलेलं आहे, आणि कसोद हे झाड या कामात पुढे असल्याचं त्यांना आढळलं.

खाणीचा ढीग, राखेचा ढीग आणि कचऱ्याचा ढीग एकसारखे नाहीत. खाणीच्या ढिगात मिथेन नसतो. पण मेलेल्या जमिनीत जिवाणू, बुरशी, खत आणि योग्य झाड घालून जीव आणण्याचं तत्त्व तेच आहे. आणि बायोमायनिंग करून ढीग काढून टाकला, तर मिथेनची अडचण बरीचशी संपते. उरतो प्रश्न खालच्या जमिनीत मुरलेल्या जड धातूंचा, काचेच्या चुऱ्याचा, प्लॅस्टिकच्या कणांचा. म्हणजे खापरखेड्यात जो प्रश्न हाताळला, त्याच्याच जवळचा. ज्ञान शहराच्या एका टोकाला आहे आणि गरज दुसऱ्या टोकाला. मधलं अंतर फक्त किलोमीटरचं नाही.

काळ्यांच्या वस्तीत डेपो, दलितांच्या वस्तीत डेपो

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे रॉबर्ट बुलार्ड आठवलाच पाहिजे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात कृष्णवर्णीय वस्तीत नवा कचरा डेपो येत होता. रहिवासी कोर्टात गेले आणि बुलार्डने त्यांच्यासाठी शहराचा नकाशा तपासला. शहराच्या मालकीचे पाचच्या पाच डेपो कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत होते. शहराच्या लोकसंख्येत ते होते जेमतेम चौथा भाग. खटला हरला, पण 'पर्यावरणीय न्याय' नावाच्या अभ्यासाचा पाया तिथे पडला. १९८२ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या वॉरेन काउंटीत विषारी मातीचा डेपो रोखायला माणसं ट्रकपुढे आडवी झाली, ५०० च्या वर लोकांना अटक झाली. त्याआधी १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंगची हत्या मेम्फिसमध्ये झाली, तेव्हा ते सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला तिथे गेले होते.

दलित पँथरने १९७२ मध्ये ब्लॅक पँथरचं नाव घेतलं. आपण कवितेत आणि घोषणेत ते नातं जपलं. पण नकाशा मांडण्याचं काम आपण पुरेसं उचललं नाही. मुकुल शर्मांचं 'कास्ट अँड नेचर' हे २०१७ चं पुस्तक जात आणि पर्यावरण एकत्र पाहायला शिकवतं. पण नागपूरचा, अमरावतीचा, सोलापूरचा डेपो कोणत्या वस्तीला लागून आहे, तिथे कोणत्या जातीची किती घरं आहेत, हे कोण मोजणार? बुलार्डकडे नकाशा आणि विद्यार्थी होते. आपल्याकडे दोन्ही आहेत.

देवनारचा उलटा हिशेब

२०१६ च्या जानेवारीत देवनारला भीषण आग लागली. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, तेव्हा कुठे देशाला देवनार दिसलं. शिवाजीनगरच्या मुलांच्या छातीत तो धूर आधीपासूनच होता.

२०२४ मध्ये राज्य सरकारने याच देवनारच्या डम्पिंगमधली १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय घेतला. थोडं थांबून विचार करा. धारावीच्या शेजारचा डेपो जंगल झाला. आता धारावीची माणसं दुसऱ्या डेपोच्या जागेवर पाठवायची. कचऱ्याला जंगल मिळालं, माणसांना कचरा. आपल्याच नियमांत लिहिलं आहे की बंद केलेल्या डेपोवर १५ वर्षं देखरेख ठेवायची, वायू आणि झिरपणारं पाणी तपासायचं, आणि दोन्ही प्रमाणात आढळल्यावरच वस्तीचा विचार करायचा. यावर उत्तर मिळतं की कचरा उपसून टाकला की तो डेपो राहतच नाही. ठीक आहे. मग त्या जमिनीच्या तपासणीचे आकडे तिथे राहणाऱ्यांच्या हाती आधी द्या. मलबार हिलवरच्या माणसाला पाठवताना जे कागद दाखवावे लागले असते, तेच कागद धारावीच्या माणसालाही दाखवा.

'पाखरांचं आपल्याला काय?'

वस्तीत काम करताना हा प्रश्न हमखास येतो. घर नाही, नोकरी नाही, आणि तुम्ही फुलपाखरांचं काय सांगता? प्रश्न चुकीचा नाही. ज्यांनी पर्यावरणाच्या नावावर झोपड्या पाडल्या आणि वनांतून आदिवासींना काढलं, त्यांनी या शब्दावरचा विश्वास घालवला आहे. उच्चवर्णीय पर्यावरणवाद्याला डेपोवरचा पक्षी दिसतो, त्याच डेपोवर आकडा घेऊन वाकलेली बाई दिसत नाही.

पण याचं उत्तर पर्यावरण त्यांच्यावर सोडून देणं नव्हे. जमीन हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न आहे. १९४२ च्या जुलैत याच नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्या परिषदेत अस्पृश्यांसाठी सरकारी पडीक जमिनीवर स्वतंत्र वसाहती मागणारा ठराव झाला. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, मराठवाड्यात गायरानाची लढाई झाली. प्रत्येक वेळी आपण म्हटलं की ज्या जमिनीला तुम्ही पडीक म्हणता, तिच्यावर आमचा हक्क आहे. कचरा डेपो ही आजच्या शहराची पडीक जमीन आहे. फरक एवढाच की ती पडीक झालेली नाही, केलेली आहे, आणि ज्यांच्या जिवावर केली ते आपले लोक आहेत.

शिवाय अधिवास म्हणजे करमणूक नव्हे. झाडी असलेल्या जमिनीत पाणी मुरतं, धूळ खाली बसते, उन्हाळ्यात वस्तीचा पारा उतरतो. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला याची किंमत कोणी शिकवायची गरज नाही. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत माणसांसाठी आणि पशूंसाठी औषधी वनस्पती लावल्याचं, रस्त्यांवर झाडं लावल्याचं आणि विहिरी खणल्याचं नोंदवलं, आणि स्तंभलेखात कोणते पशुपक्षी मारू नयेत त्याची यादी दिली. आपला वारसा हा आहे. तो बंगल्यातल्या निसर्गप्रेमींकडून उसना घ्यायचा नाही.

आणि एक सावधगिरी. डेपो बंद झाला की त्यावर जगणाऱ्यांचं काय? गुवाहाटीच्या डेपोवर हरगिला हा दुर्मीळ करकोचा मोठ्या संख्येने अन्न शोधायचा. तिथे डेपो हलवायचा तर त्या पक्ष्याचं काय, याची चर्चा अभ्यासक करतात, आणि ती व्हायलाच हवी. मग डेपोवर पोट भरणाऱ्या कचरावेचक बाईची चर्चा का होत नाही? पुण्यात १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित, त्यातही बाया. २००८ मध्ये त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम त्यांनी हक्काने मिळवलं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना ओळख दिली. मुंबईत बाबासाहेबांनी १९३५ मध्ये म्युनिसिपल कामगार संघ काढला. त्याच महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उचलून धरला. हक्क मागितल्याशिवाय मिळाला, असं एकही उदाहरण या इतिहासात नाही.

भांडेवाडीसाठी काय मागायचं

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात.

एक, उपसलेल्या जमिनीची माती, भूजल आणि हवा यांच्या तपासणीचे आकडे मराठीत, वस्तीत, फलकावर लावा. मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

दोन, मोकळ्या होणाऱ्या जमिनीचा ठरावीक भाग अधिवासासाठी राखून ठेवा. झाडी, गवताळ रान आणि नाग नदीचा काठ मिळून त्याचा आराखडा नीरी आणि विद्यापीठाच्या मदतीने करा. लॉन आणि कारंजी नकोत.

तीन, रोपवाटिका, लागवड, देखरेख, पक्ष्यांची आणि कीटकांची मोजणी ही कामं तिथल्या कचरावेचकांना आणि वस्तीतल्या मुला-मुलींना प्रशिक्षण देऊन, कायम स्वरूपात द्या. माहीमला ११ वर्षं लागली. इतकी वर्षं चालणारं काम सहा महिन्यांच्या कंत्राटावर होत नाही.

चार, त्या जागेला तिकीट नको. ज्यांनी दुर्गंधी फुकट सोसली त्यांना सावलीही फुकट मिळाली पाहिजे.

पाच, भांडेवाडी सुटली म्हणून दुसऱ्या गावाच्या माथी तो ढीग मारू नका. पुण्याचा कचरा उरुळी-फुरसुंगीच्या दारात गेला आणि तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं लढावं लागलं. ओला-सुका कचरा जिथे निर्माण होतो तिथेच हाताळा, धरमपेठेतही आणि रामदासपेठेतही.

या मागण्या कुठे मांडायच्या, त्याचीही जागा कायद्याने दिली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. २००४ च्या नियमांत या समितीत किमान एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य असावेत असं लिहिलं गेलं. ही खुर्ची आपण कधी मागितली? त्या समितीत आपला माणूस आहे का, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना सांगता येईल? संसद, विधानसभा, महापालिकेच्या तिकिटासाठी आपण भांडतो. ही लहान खुर्ची मोकळी पडलेली असते, आणि जमिनीचे निर्णय अशाच खुर्च्यांवरून होतात.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सुनीत नावाच्या झाडूवाल्याची गोष्ट घेतली आहे. बुद्धांनी त्याला संघात घेतलं. त्याच्या हातातला झाडू नीट करून दिला नाही, त्याला झाडूच्या पलीकडचं आयुष्य दिलं. आपली मागणीही तीच आहे. डेपोवर जंगल व्हावं, आणि ज्या हातांनी शंभर वर्षं शहराचा कचरा वाहिला, त्या हातांत त्या जंगलाची वही, दुर्बीण आणि चाव्या असाव्यात.

येत्या सुट्टीत दोन-चार जणांनी मिळून भांडेवाडीच्या भोवतालच्या वस्त्यांचा नकाशा काढायला घ्या. घरं मोजा, विहिरी आणि बोअरवेल मोजा, दवाखान्यात जाणारी मुलं मोजा. भाषण त्यानंतर करू.

जय भीम!